चंद्रावर पोचलात; पण परत कसे येणार?

मोबाइलवरच्या गेममध्ये चंद्र गाठणारे भरपूर आहेत, तिथून घरी येणारे कमी. इस्रोने २०२३ मध्ये हेच कोडं सोडवलं, आणि तेही उरलेल्या इंधनात. ते कसं? आणि गच्चीवर बसून तुम्हाला ते कसं करून पाहता येईल?

समजा, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही गावी आलाय. गाव रोहिणखेड, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. रात्रीचे अकरा वाजलेत, लाइट गेलीय, गच्चीवर सतरंजी टाकलीय आणि मोबाइलमध्ये २३ टक्के बॅटरी उरलीय. त्या २३ टक्क्यांत तुम्ही काय करताय? तर चंद्रावर उतरताय.

‘स्पेसफ्लाइट सिम्युलेटर’ नावाचा गेम आहे. त्यात टाक्या, इंजिनं, पॅराशूट एकावर एक जोडून रॉकेट बनवायचं आणि उडवायचं. चार वेळा तुमचं रॉकेट समुद्रात पडलं, दोनदा चंद्रावर आदळलं. सातव्या वेळी मात्र यान हळूच टेकलं. तुम्ही स्क्रीनशॉट काढला आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, रॉकेटचे इमोजी आले. मग एका मित्राचा मेसेज आला, “भारी ना बे. पण आता वापस कसा येशीन?”

तुम्ही टाकीकडे पाहता. इंधन उरलंय ४ टक्के.

हसू नका. ‘केर्बल स्पेस प्रोग्रॅम’ असो, ‘ऑर्बिटर’ असो की मोबाइलवरचा हा गेम, जवळपास प्रत्येक खेळाडूचं पहिलं यान चंद्रावरच अडकतं. कारण जायचा प्लॅन सगळे करतात. परतीचा विचार तिथं पोचल्यावर सुचतो. आणि अंतराळात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

नाक पृथ्वीकडे केलं की झालं?

बरं, पुढच्या वेळी तुम्ही मोठी टाकी लावली. चंद्रावर उतरलात, परत वर उडून चंद्राभोवती घिरट्या घालू लागलात. समोर निळी पृथ्वी दिसतेय. मग तुम्ही काय करणार? यानाचं नाक पृथ्वीकडे वळवणार आणि इंजिन फुल्ल! घर तिकडे आहे, तर तिकडेच जायचं ना?

इथंच सगळे फसतात.

मलकापूरहून बुलढाण्याला जाणाऱ्या एसटीत खिडकीजवळ बसलात, असं समजा. गाडी जोरात आहे. हातात बोराची बी आहे आणि बाहेर विजेचा खांब येतोय. खांब बरोब्बर खिडकीसमोर आला की तुम्ही बी सरळ त्याच्याकडे फेकता. लागते का? नाही. बी खांबाच्या पुढे जाऊन पडते, कारण गाडीचा वेग बीलाही असतो. खांबाला मारायचं असेल तर बी मागच्या दिशेनं फेकावी लागते. म्हणजे आधी गाडीचा वेग मारायचा, मग नेम साधायचा.

चंद्र म्हणजे ती एसटी. तो पृथ्वीभोवती सेकंदाला साधारण १ किलोमीटर वेगानं पळतोय, म्हणजे ताशी साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त. तुमचं यान चंद्राभोवती फिरतंय, म्हणजे तेही चंद्रासोबत पळतंय. तुम्ही नाक पृथ्वीकडे करून चंद्राच्या ओढीतून निसटलात, तरी हा आडवा वेग तुमच्याकडे तसाच राहतो. मग यान पृथ्वीकडे येतं खरं, पण साधारण दोन लाख किलोमीटर अंतरावरून वळसा घालून निघून जातं. घर दिसतं, पण दारात पोचता येत नाही.

मग करायचं काय? चंद्र ज्या दिशेनं पळतोय, त्याच्या बरोब्बर उलट दिशेनं चंद्राच्या हद्दीबाहेर पडायचं. चंद्राचा १.०२ किलोमीटरचा वेग, त्यातून तुमचा उलटा ०.८३ वजा. उरतो सेकंदाला जेमतेम ०.१९ किलोमीटर. आडवा वेग एवढा कमी झाला की बाकीचं काम पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण करतं. यान पृथ्वीकडे पडायला लागतं आणि साधारण पाच दिवसांत येऊन पोचतं. म्हणजे घरी यायचं तर घराकडे नेम धरायचा नाही, आधी स्वतःचा वेग मोडायचा.

इंजिन कुठं पेटवायचं?

चंद्रापासून १०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला १.६३ किलोमीटर असतो. एका फेरीला सुमारे दोन तास लागतात. घरच्या वाटेला लागायचं तर हा वेग साधारण २.४५ पर्यंत न्यावा लागतो. म्हणजे ०.८२ किलोमीटर प्रतिसेकंद वाढवायचे. वेगातल्या या बदलालाच गेम खेळणारे आणि शास्त्रज्ञ दोघंही ‘डेल्टा-व्ही’ म्हणतात. अंतराळातला हा तुमचा खिसा. पेट्रोल पंप वाटेत नाही.

इंजिन नेमकं कुठं पेटवायचं, हे तुम्ही चंद्राभोवती कोणत्या दिशेनं फिरताय त्यावर ठरतं. चंद्र पृथ्वीभोवती ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेनं तुमचं यान चंद्राभोवती फिरत असेल, तर इंजिन पेटवायची जागा चंद्राच्या पृथ्वीकडच्या बाजूला येते. उलट फिरत असाल, तर पलीकडच्या, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या बाजूला.

अपोलोची यानं उलट फिरत होती. त्यामुळे परतीचं इंजिन चंद्राआड पेटवावं लागे, जिथं पृथ्वीशी रेडिओ संपर्क नसतो. २५ डिसेंबर १९६८ ला अपोलो-८ मधल्या तिघांनी, फ्रँक बोरमन, जिम लव्हेल आणि बिल अँडर्स यांनी, माणसाच्या इतिहासात पहिल्यांदा हे केलं. इंजिन एकच. तीन मिनिटांहून थोडं जास्त ते चाललं. ते पेटलं नसतं तर तिघंही चंद्राभोवतीच फिरत राहिले असते. यान चंद्राआडून बाहेर येईपर्यंत ह्यूस्टनमधल्या लोकांना काहीच कळायला मार्ग नव्हता. दोन दिवसांनी, २७ डिसेंबरला, ते प्रशांत महासागरात उतरले.

१ मीटरची चूक, २०० किलोमीटरचा फटका

आता खरी गंमत. समजा, ८२० मीटर प्रतिसेकंद वेग वाढवायचा होता आणि तुमच्या हातून ८२१ झाला. फक्त १ मीटरची चूक. आपल्या साध्या चालण्याचा वेगही याच्या आसपास असतो. फरक काय पडणार?

गणित मांडून पाहिलं, तर पृथ्वीजवळून जाण्याची उंची साधारण २०० किलोमीटरनं बदलते!

आणि तेवढी मोकळीक तुमच्याकडे नाहीच. चंद्रावरून येणारं यान वातावरणात सेकंदाला ११ किलोमीटर वेगानं घुसतं. अंतराळ स्थानकावरून येणारं यान पावणेआठच्या आसपास वेगानं येतं. वेग दीडपटही नाही, पण ऊर्जा दुप्पट. ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. फार खोल घुसलात, तर यान तापतं आणि आतल्या माणसाचं अंग चेपून निघतं. फार वरवरून आलात, तर हवेचा ब्रेक पुरेसा लागत नाही आणि यान पुन्हा अंतराळात निघून जातं. या दोन्हींच्या मधली पट्टी काही दहा किलोमीटरांचीच असते. चार लाख किलोमीटरवरून तिच्यात शिरायचं.

म्हणून एकदा इंजिन पेटवलं आणि झोपलं, असं चालत नाही. वाटेत मोजमाप करायचं आणि थोडं थोडं सुधारायचं. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ ची ऑक्सिजनची टाकी फुटली, तेव्हा मुख्य इंजिन वापरायची सोय उरली नाही. चंद्रावर उतरण्यासाठी नेलेल्या छोट्या यानाचं इंजिन वापरून ते परत फिरले. पण वाट हळूहळू उथळ होत चालली होती. वीज वाचवायला कॉम्प्युटर बंद होता. मग खिडकीतून दिसणाऱ्या पृथ्वीवरची दिवस-रात्रीची रेषा धरून त्यांनी यान सरळ केलं आणि १४ सेकंद इंजिन चालवलं. त्या १४ सेकंदांनी ते पुन्हा पट्टीत आले. १७ एप्रिलला तिघंही सुखरूप उतरले.

आणखी एक भानगड. पृथ्वीही स्वतःभोवती फिरतेय, तासाला १५ अंश. एक तास उशीर झाला तर खाली समुद्राऐवजी डोंगर असू शकतो. म्हणून परतीचं नियोजन नेहमी उलटं करतात. आधी कुठं आणि किती वाजता उतरायचं ते ठरवायचं. त्यावरून वातावरणात कुठं शिरायचं, त्यावरून चंद्राजवळ कधी इंजिन पेटवायचं, त्यावरून तिथं किती इंधन हवं आणि शेवटी त्यावरून पृथ्वीवरून निघताना रॉकेट केवढं हवं. सुरुवात शेवटापासून.

१०० किलो उरलं, काय करायचं?

हे सगळं अमेरिकेचं झालं. आता आपल्याकडे या.

चंद्रयान-३ १४ जुलै २०२३ ला श्रीहरिकोट्याहून उडालं. २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम लँडर उतरला, तेव्हा तुम्हीही कुठंतरी टीव्हीसमोर असाल. पण त्याला चंद्रापर्यंत घेऊन गेलेलं प्रोपल्शन मॉड्यूल आठवतंय का? १७ ऑगस्टला लँडर सुटल्यावर ते चंद्राभोवती १५० किलोमीटर उंचीवर एकटंच फिरत राहिलं. त्याच्यावर ‘शेप’ नावाचं एक उपकरण होतं. लांबून पृथ्वीकडे पाहायचं आणि जीवसृष्टी असलेला ग्रह दुरून कसा दिसतो ते नोंदवायचं, एवढंच त्याचं काम. ठरवून दिलेलं आयुष्य ३ ते ६ महिने.

पण एलव्हीएम-३ रॉकेटनं यान इतकं नेमकं सोडलं होतं आणि पुढचे सगळे टप्पे इतके काटेकोर झाले होते, की महिनाभराहून जास्त काळ चंद्राभोवती फिरूनही १०० किलोपेक्षा जास्त इंधन शिल्लक होतं. मग इस्रोच्या लोकांनी तोच प्रश्न विचारला, जो गच्चीवर तुमच्या मित्रानं विचारला होता. याला वापस आणता येईल का?

आपण ढोबळ गणित करू. हे आपलं गणित आहे, इस्रोचं नाही. मॉड्यूलचं रिकामं वजन साधारण ४५० किलो. इंधनाचा झोत साधारण ३ किलोमीटर प्रतिसेकंद वेगानं बाहेर पडतो, असं धरा. इंधन १०० किलो असेल तर वेग ६०० मीटरनं वाढवता येतो, १२० किलो असेल तर ७०० च्या आसपास. थेट पृथ्वीच्या वातावरणाकडे यायला लागतात ८०० हून जास्त. म्हणजे नाही जमणार. पण चंद्राच्या ओढीतून नुसतं निसटायला? त्याला लागतात साधारण ६५० ते ६७०. जेमतेम, पण जमेल!

आणि झालंही तसंच. ९ ऑक्टोबर २०२३ ला पहिला धक्का दिला. चंद्रापासूनचं जास्तीत जास्त अंतर १५० वरून ५११२ किलोमीटरवर गेलं, फेरीचा वेळ २.१ तासांवरून ७.२ तासांवर. मग उरलेल्या इंधनाचा पुन्हा अंदाज घेऊन पुढचा प्लॅन बदलला. पृथ्वीजवळ यायचं नाही, तर पृथ्वीभोवतीच १.८ लाख बाय ३.८ लाख किलोमीटरची लांब कक्षा गाठायची. १३ ऑक्टोबरला परतीचं इंजिन पेटलं. त्यानंतर मॉड्यूल चार वेळा चंद्राजवळून गेलं आणि १० नोव्हेंबरला चंद्राच्या हद्दीतून बाहेर पडलं. २२ नोव्हेंबरला ते पृथ्वीपासून १.५४ लाख किलोमीटरवरून गेलं. डिसेंबरमध्ये इस्रोनं जाहीर केलं, तेव्हा बऱ्याच जणांना कळलं की असं काही चाललंय.

आता यातली तुमच्या कामाची गोष्ट. या परतीचं नियोजन करण्यासाठी इस्रोच्या बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रातल्या टीमनं स्वतःचं सॉफ्टवेअर मुळापासून लिहिलं होतं. ते बरोबर चालतं का, हे या मॉड्यूलच्या प्रवासात तपासून पाहिलं. म्हणजे आधी स्क्रीनवर उडवलं आणि मग खरोखर. तुम्ही गच्चीवर जे करताय तेच, फक्त त्यांचा ‘रीस्टार्ट’ नसतो.

आणखी एक. मॉड्यूल तिथंच सोडलं असतं तर कधीतरी ते चंद्रावर आदळून कचरा झाला असता. परत आणल्यामुळे तेही टळलं. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये हेच मॉड्यूल पुन्हा एकदा चंद्राच्या हद्दीत शिरलं आणि दोनदा त्याच्या जवळून जाऊन आलं.

याचा उपयोग काय?

घरी कोणी विचारलंच, “दिवसभर मोबाइल! त्यानं काय पोट भरणार?” तर हे सांगा.

१८ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं चंद्रयान-४ ला मंजुरी दिली. खर्च २१०४ कोटी रुपये. काम असं : चंद्रावर उतरायचं, माती-खडक उचलायचे, वर उडायचं, चंद्राभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या यानाला जोडायचं आणि नमुने घेऊन पृथ्वीवर यायचं. चंद्राच्या पृष्ठभागावरून घरापर्यंत यायला साधारण २.७ किलोमीटर प्रतिसेकंद डेल्टा-व्ही लागतो. म्हणजे घरी यायच्या प्रत्येक १ किलोमागे चंद्रावरून निघताना साधारण दीड किलो इंधन हवं. आणि ते इंधन आधी चंद्रावर उतरवायला आणखी इंधन. म्हणूनच दोन रॉकेटं, म्हणूनच अंतराळात जोडाजोडी.

त्याची तयारी तुकड्या-तुकड्यानं सुरू आहे. ३ सप्टेंबर २०२३ ला विक्रमनं चंद्रावर छोटी उडी मारली, ४० सेंटिमीटर वर आणि ३०-४० सेंटिमीटर बाजूला. आठवीतला पोरगा याहून उंच उडतो. पण चंद्रावर उतरलेलं आपलं यान पुन्हा इंजिन पेटवून उठू शकतं, हे तिथं कळलं. परत येणं जमतं का, हे प्रोपल्शन मॉड्यूलनं दाखवलं. १६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्सच्या दोन उपग्रहांनी अंतराळात एकमेकांना जोडून घेतलं. आता हे सगळं एका मोहिमेत ओवायचं आहे.

आणि हे नमुने आले की त्यांची तुलना कशाशी होईल, माहितीय? आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. अशनी आदळून बेसॉल्ट खडकात तयार झालेलं विवर. चंद्रावर दिसणारे काळे डागही बेसॉल्टचेच. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोणारला येतात. तुम्ही सहलीला जाऊन सेल्फी काढून आला असाल, ती गोष्ट वेगळी!

गेम खेळून कोणी इस्रोत लागत नाही, हे खरं. त्यासाठी गणित, फिजिक्स, इंजिनीअरिंग, परीक्षा, सगळं लागतं. पण अकरावीत कक्षीय वेगाचं सूत्र पाठ करणारे शेकडो असतात. ते सूत्र चुकलं की यानाचं काय होतं, हे ज्यानं सात वेळा पाहिलंय त्याला ते पाठ करावं लागत नाही. सिम्युलेटर एवढंच देतो. पण ते कमी नाही.

आता बॅटरी किती उरलीय? ९ टक्के? मग एक काम करा, फोन बाजूला ठेवा. कागद-पेन घ्या आणि वर दिसणाऱ्या त्या चंद्राकडे पाहून आधी परतीचा प्लॅन लिहा. जाण्याचा उद्या, चार्जिंग झाल्यावर.

करून पाहायचंय?

● मोबाइल असेल तर : ‘स्पेसफ्लाइट सिम्युलेटर’. पृथ्वी आणि चंद्र फुकट आवृत्तीतही आहेत. त्यात ग्रह लहान केलेले असतात, त्यामुळे वरचे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. पद्धत मात्र तीच.

● कॉम्प्युटर असेल तर : ‘ऑर्बिटर’. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मार्टिन श्वायगर यांनी बनवलेला, २००० पासून फुकट उपलब्ध आणि २०२१ पासून मुक्तस्रोत. यात खरे आकडे, खरी पृथ्वी, खरा चंद्र. ‘केर्बल’ विकत घ्यावा लागतो, पण शिकायला सोपा.

● पुढे जायचं असेल तर : नासाचं ‘जीमॅट’. मोहिमांच्या नियोजनासाठीचं सॉफ्टवेअर, तेही फुकट. सुरुवातीला रुक्ष वाटेल. सोडू नका.

● पहिला सराव : चंद्रावर उतरूच नका. चंद्राभोवती फिरायला लागा आणि तिथून परत या. इंजिन पेटवताना नकाशा उघडा ठेवा. तुमची रेषा चंद्राच्या मागच्या बाजूनं बाहेर पडतेय का, आणि पृथ्वीजवळचा सर्वांत खालचा बिंदू वातावरणाच्या आत येतोय का, एवढंच बघा. आला की इंजिन बंद.

● दुसरा सराव : अर्ध्या वाटेवर थोडंसं इंजिन मारून पाहा आणि तो खालचा बिंदू किती हलतो ते वहीत लिहा. चंद्राजवळ मारलेला तेवढाच धक्का किती हलवतो, तेही लिहा. दोन आकडे शेजारी ठेवले की अर्ध्याहून जास्त विषय कळलेला असेल.

● नियम एकच : परतीचं इंधन आधी बाजूला काढायचं. त्याला हात लावायचा नाही.